पहिला नंबर आणि हातातली कला

स्पर्धेहून पोर घरी आले की उंबऱ्यावरच त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "कितवा नंबर आला?" पहिला आला म्हटले की पेढे. दुसरा आला म्हटले की "मग पहिला कोण आला?" आणि काहीच नाही आला म्हटले की "तरी सांगत होतो, नसत्या भानगडीत पडू नको, अभ्यास कर." तू कसा खेळलास, मागच्या वेळी जमत नव्हते ते या वेळी जमले का, असे विचारणारे घर विरळाच.

बंधू-भगिनींनो, आपल्या या सवयीमागे एक समजूत दडून बसलेली आहे. ती अशी की, खेळातले कौशल्य म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरचढ असणे, बाकी काही नाही. समोरचा कच्चा असेल तर आपण पक्के आणि समोरचा पक्का असेल तर आपण कच्चे. "वासरात लंगडी गाय शहाणी" ही म्हण आपण त्याच अर्थाने वापरतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज थोडा विचार करू.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दरवर्षी कॅरमच्या स्पर्धा होतात. सोडत काढणे, तक्ते भरणे, गुण लिहिणे ही कामे कारकुनी पेशामुळे आपोआपच माझ्याकडे आली आहेत. यंदा एका रात्री सामने संपल्यावर बोर्ड आवरताना हाच वाद निघाला. माल पोचवण्याचे काम करणारा एक तरुण म्हणाला, "काका, कला-बिला काही नसते. आपल्या गल्लीत मी राजा. पलीकडच्या वॉर्डात गेलो की पहिल्याच फेरीत गारद. मग मला खेळता येते की येत नाही? समोर कोण बसलाय, त्यावरच सगळे!" बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण त्याच आठवड्यात वस्तीतली नववीतली एक मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आली होती. दोन वर्षे ती शाळेतून आल्यावर, पाणी भरून झाले की तासभर सराव करीत असे. हरून आल्यावर तिने स्ट्रायकर कपाटात ठेवून दिला. वडील म्हणाले, "तिच्यात तेवढे नव्हतेच." आता त्या तरुणाचे म्हणणे खरे धरले, तर वडिलांचेही खरे ठरते आणि त्या मुलीचे दोन वर्षांचे कष्ट एका दुपारी शून्य होतात. म्हणून उत्तर नीट शोधले पाहिजे.

आधी त्या तरुणाची बाजू घेऊ, कारण ती अगदीच लंगडी नाही. बुद्धिबळात प्रत्येक नोंदलेल्या खेळाडूला एक आकडा मिळतो, त्याला रेटिंग म्हणतात. ही पद्धत अर्पाद एलो यांनी बसवली. एलो मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले बुद्धिबळ खेळत. १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत स्वीकारली. तिचे तत्त्व समजायला अवघड नाही. दोघांचे रेटिंग सारखे असेल तर शंभर डावांत दोघांना पन्नास-पन्नास गुण मिळतील, असे धरले जाते. एकाचे रेटिंग २०० ने जास्त असेल तर त्याला शंभरांत सुमारे ७६ गुण मिळावेत. ४०० ने जास्त असेल तर सुमारे ९१. अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळवले की आकडा चढतो, कमी मिळवले की उतरतो.

मी वाणिज्य शाखेचा. दिवसभर खतावणीशी संबंध. मला ही पद्धत पाहिली की दुहेरी नोंद आठवते. साधारणपणे जिंकणाऱ्याच्या खात्यावर जेवढे जमा, तेवढे हरणाऱ्याच्या नावे. आता अशी कल्पना करा की एका मंडळात वीस जण आहेत आणि ते आपापसातच खेळतात, बाहेर कोणाशी नाही. वर्षभर सगळ्यांनी कसून मेहनत केली आणि सगळे सारखेच सुधारले. वर्षअखेरीस त्यांच्या रेटिंगचे काय होईल? ते जिथल्या तिथे राहील! सगळ्यांचा खेळ वाढला, पण वहीत एका पैचा फरक नाही. उलट सगळ्यांनी सराव सोडला आणि सगळे सारखेच बिघडले, तरीही वही तशीच. रेटिंग दोन खेळाडूंमधले अंतर सांगते. ते दोघे जमिनीपासून किती उंचावर उभे आहेत, हे त्यातून कळत नाही.

ज्यांची मुले बारावीला आहेत त्यांना हे पर्सेंटाइलवरून लगेच ध्यानात येईल. दहावीच्या निकालात टक्के असतात. शंभरांपैकी किती गुण मिळाले, ते टक्के सांगतात. सीईटीच्या निकालात पर्सेंटाइल असते. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के उत्तरे बरोबर आली, असे नव्हे. परीक्षेला बसलेल्या शंभरांतले सुमारे नव्वद जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर सोपा निघाला आणि सगळ्यांनाच भरपूर गुण पडले, तर चांगले गुण मिळवूनही पर्सेंटाइल खाली येते. त्या मुलाला विषय किती समजला, हे वेगळेच राहते.

तेव्हा नंबर, रेटिंग, पदक, पर्सेंटाइल ही सगळी दुसऱ्याशी तुलना करून काढलेली मापे आहेत, हे कबूल. आपली गल्लत पुढे होते. माप तुलनेचे आहे म्हणून मोजलेली वस्तूही तुलनेपुरतीच आहे, असे आपण धरून चालतो. वाण्याकडे तांदूळ तराजूत घालतात, तेव्हा दुसऱ्या पारड्यात किलोचे माप ठेवल्याशिवाय वजन कळत नाही. म्हणून तांदळाला स्वतःचे वजन नाही, असे कोणी म्हणते का? तो तांदूळ घरी आणून शिजवला की जितक्या तोंडांना पुरायचा तितक्यांना पुरतोच.

धावण्याच्या शर्यतीत हे फार स्वच्छ दिसते, कारण तिथे नंबराच्या जोडीला घड्याळ असते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. त्यांचे पदक हुकल्याची हळहळ आपण आजही करतो. पण घड्याळ काय सांगते? त्यांची वेळ नोंदली गेली ४५.६ सेकंद. रोमच्या स्पर्धेआधीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ सेकंदांचा होता. म्हणजे मिल्खासिंग जुन्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा वेगाने धावले आणि तरीही चौथे आले, कारण त्या दिवशी पुढचे तिघे त्याहून वेगाने धावले. चारच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये मेलबर्नला याच शर्यतीचे सुवर्णपदक ४६.७ सेकंदांत जिंकले गेले होते. रोमला मिल्खासिंग धावले त्या वेळेत मेलबर्नला कोणी धावला असता तर पहिला आला असता. मिल्खासिंगांची ती वेळ भारतात १९९८ पर्यंत राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. आता सांगा, त्यांचे पाय चौथ्या नंबराचे होते की पहिल्या? पाय तेच होते. नंबर बाजूच्या पट्ट्यांत कोण उभे आहे त्यावर ठरला.

पी. टी. उषांचेही तसेच. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांची वेळ ५५.४२ सेकंद होती आणि कांस्यपदक मिळालेल्या धावपटूची ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गेले. त्या शंभराव्या भागाने उषांच्या मेहनतीचा किती हिस्सा पुसला गेला? काहीच नाही.

कोणी म्हणेल, "साहेब, शर्यतीला घड्याळ आहे, उडीला टेप आहे. कॅरमला काय आहे? तिथे तर समोर माणूसच बसलेला असतो." शंका रास्त आहे. पण जरा पटाकडे पाहा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, अशा एकोणीस सोंगट्या. ब्रेक करणाऱ्याने पहिल्याच पाळीत आपल्या नऊही पांढऱ्या आणि राणी घेतली, तर त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. हा स्लॅम झाला की समोरच्याला स्ट्रायकरला हात लावायलाही मिळत नाही. समोर जगज्जेता असो की कालपरवा बोर्डावर बसलेले पोर असो, तो बोर्ड तसाच संपला असता. सांगा पाहू, या स्लॅममध्ये समोरच्याचा काय वाटा? पावडर मारलेल्या पटाला समोर कोण बसले आहे ते ठाऊक नसते. कट किती बारीक घ्यायचा, डबलला कडेवर कुठे आदळायचे, स्ट्रायकर किती जोराने सोडायचा, याची उत्तरे लाकडात, सोंगटीत आणि बोटात आहेत. ज्याला ती सापडली, त्याच्याजवळ ती एकटा असतानाही असतात.

बैठ्या खेळांत यापेक्षाही मोठा दाखला आहे. बुद्धिबळाच्याच पटावर गोल सोंगट्यांनी खेळला जाणारा ड्राफ्ट्स हा खेळ अमेरिकेत चेकर्स म्हणून खेळतात. त्यात मॅरियन टिन्स्ली नावाचे एक गणिताचे प्राध्यापक होऊन गेले. सुमारे ४५ वर्षांत ते हरलेले डाव हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके थोडे होते. त्यांची बरोबरी करणारा माणूसच उरला नव्हता. खेळातले कौशल्य नुसते तुलनेपुरते असते, तर त्यांना पुढे शिकण्यासारखे काही राहिलेच नसते. पण तसे झाले नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी 'चिनूक' नावाचा संगणकाचा खेळगडी तयार केला, तेव्हा टिन्स्ली आनंदाने त्याच्यासमोर बसले. १९९२ साली लंडनला झालेल्या सामन्यात टिन्स्लींनी ४ डाव जिंकले, २ हरले आणि ३३ बरोबरीत सुटले. १९९५ साली ते वारले.

शेफर यांनी काम चालूच ठेवले आणि २००७ साली जाहीर केले की हा खेळ पूर्ण सोडवून झाला आहे. दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही, तर डाव बरोबरीतच सुटतो. याचा अर्थ लक्षात घ्या. या खेळात चूक कशाला म्हणायचे, हे समोरच्यावर अवलंबून नाही. जिंकता येणारा डाव आपल्या खेळीने बरोबरीवर आला किंवा बरोबरीचा डाव हरण्यावर गेला, की ती चूकच. समोरच्याला तिचा फायदा उठवता आला नाही, म्हणून आपण जिंकलो, तरीही ती चूकच. आणि बिनचूक खेळणारा बरोबरीवर समाधान मानून घरी गेला, तरी तो बिनचूकच खेळला. म्हणजे या खेळाला जमीन आहे आणि छतही आहे. माणूस किती उंचीवर पोचला, ते शेजारच्याकडे न बघताही सांगता येते.

बुद्धिबळ अजून असे पूर्ण सुटलेले नाही. तरी त्यातही हा मार्ग काढलेला आहे. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन हे संगणकशास्त्रज्ञ खेळाडूचे निकाल बाजूला ठेवतात आणि त्याची एकेक खेळी ताकदवान संगणकाकडून तपासतात. खेळी किती चांगल्या होत्या त्यावरून ते त्याच्या खेळाचा दर्जा काढतात. त्यामुळे ज्यांची एकमेकांशी कधी गाठच पडली नाही, अशा वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंचा खेळही शेजारी ठेवून पाहता येतो. जिंकला की हरला, हे तिथे विचारत नाहीत. काय खेळला, हे विचारतात.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खेळातला एक हिस्सा खरोखरच समोरच्याशी बांधलेला असतो. लहान मुले दगड-कागद-कात्री खेळतात. त्यात 'चांगला हात' असा काही नसतोच. दगड कात्रीला चांगला, कागदाला वाईट. तिथे समोरचा काय काढणार हे ओळखणे एवढेच कौशल्य. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला ३० सेकंद मिळतात आणि समोर सात जणांचा बचाव उभा असतो. कोपऱ्यातला कधी पायावर झेपावेल, साखळी कुठून बंद होईल, हे वाचणे ही त्याची कला. रिकाम्या मैदानात ती दाखवता येत नाही. कुस्तीतही डाव मारायला समोर अंग लागतेच. आणि कॅरममध्ये सगळ्याच पाळ्या स्लॅमच्या नसतात. आपली सोंगटी जात नाही असे दिसले की समोरच्याची वाट अडवून ठेवणे, राणी कधी उचलायची आणि तिला कव्हर कशाचे द्यायचे हे ठरवणे, हेही त्यात येते. घरी एकट्याने सराव करणाऱ्याला हे शिकायला मिळत नाही.

त्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. तिच्या सामन्याची गुणपत्रिका मी पाहिली आणि तो सामना पाहिलेल्या पंचांशी बोललो. तिचे सरळ फटके आणि कट समोरच्या मुलीइतकेच चांगले पडत होते. ती हरली ती अडवाअडवीत. समोरच्या मुलीने दोन बोर्डांत तिच्या शेवटच्या सोंगट्या कडेला दाबून ठेवल्या. घरी एकटीने सराव करताना तिच्या सोंगट्या कोणी अडवल्याच नव्हत्या. म्हणजे तिच्या हातातली कला गेली नव्हती. एक धडा शिकायचा राहिला होता आणि तो शिकवणारे समोर आजवर कोणी बसले नव्हते. "तिच्यात तेवढे नव्हतेच" आणि "तिला हा एक भाग अजून शिकायचा आहे" या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते आईबापांनीच ठरवावे.

दुसऱ्याकडे पाहायचे ते यासाठी. समोरचा तगडा खेळाडू आपल्याला छोटा करायला बसलेला नसतो. आपल्याला न दिसलेली आपली चूक तो दाखवून देतो. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, ते सहावे आले. तिथले मॅट, तिथले नियम, तिथले मल्ल त्यांना नवे होते. त्यांनी तो सहावा नंबर कपाळावर लिहून घेतला नाही. चार वर्षे मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गल्लीत राजा आणि वॉर्डाबाहेर गारद होणाऱ्या आमच्या तरुणालाही हेच सांगायचे. पलीकडच्या वॉर्डात त्याची कला नाहीशी होत नाही. ती किती भरली आहे आणि किती भरायची आहे, ते तिथे कळते. गल्लीतच बसून राहिला तर ते कधीच कळणार नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या लोकांनी तरी विसरू नये. कौशल्य म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या तुलनेतले स्थान असे मानले, तर ज्याला मैदानातच उतरू दिले नाही त्याचे काय? त्याची कोणाशी तुलना झालीच नाही, मग त्याच्यात कौशल्य नव्हते असे म्हणायचे?

चर्मकार समाजातले पालवणकर बाळू हे पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची देखभाल करणारे नोकर होते. सरावाच्या जाळीत ते साहेबांना तासन् तास डावखुरी फिरकी टाकीत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. त्या काळात त्यांच्या नावापुढे कोणता नंबर होता? कोणताच नाही. गुणफलकावर नाव नाही, संघात जागा नाही. पण चेंडू त्यांच्या बोटांतून वळत होता आणि तो वळतो हे समोरच्या फलंदाजाला रोज कळत होते. पुढे हिंदू संघाला त्यांची गरज पडली आणि त्यांना खेळायला घेतले गेले. तेव्हाही चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले.

इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसल्यावर बाळूंची फिरकी जन्माला आली काय? ती आधीपासून होती. पाहणारे डोळे आणि मोजणारी वही उशिरा आली. आजही वस्त्यांतून अशी कितीतरी मुले असतील, ज्यांच्याजवळ बोर्ड घ्यायला पैसे नाहीत, प्रवेश शुल्क भरायला पैसे नाहीत, स्पर्धेच्या गावी जायला एसटीचे भाडे नाही. त्यांचा नंबर लागलेला नाही म्हणून त्यांच्यात काही नाही, असे म्हणायला मी तयार नाही. एखाद्याला तराजूपर्यंत पोचूच द्यायचे नाही आणि वर त्याला वजनच नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

याचा अर्थ नंबराला किंमत नाही, असा कोणी काढू नये. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि ते स्पर्धेच्या प्रमाणपत्रावरच मिळते, नुसत्या हातातल्या कलेवर नाही. कॅरममध्ये मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ साली जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा १९९६ चा अर्जुन पुरस्कार या खेळाच्या वाट्याला प्रथमच आला. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, एम. काझिमाने, तीन सुवर्णपदके जिंकली. अशा नंबरांनी घराचे दिवस पालटतात. तेव्हा मुलांनी नंबरासाठी जरूर लढावे. पण नंबर बँकेतल्या शिलकेसारखा नसतो. तो बाजारभावासारखा असतो. भाव रोज वरखाली होतो, कारण तो दुसऱ्यांच्या हातात असतो. आपले घरचे धान्य किती, हा हिशेब आपण वेगळा ठेवावा.

तो कसा ठेवायचा, तेही सांगतो. यासाठी शंभर पानी वही पुरेशी आहे. तिला दोन बाजू करा. डाव्या बाजूला 'माझा हिशेब'. आठवड्यातून एकदा सगळ्या सोंगट्या नेहमीसारख्या मध्ये लावायच्या, एकट्याने ब्रेक करायचा आणि एकोणीसही सोंगट्या घ्यायला किती फटके लागले, ते तारीख घालून लिहायचे. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, ब्रेक कधी चांगला फुटतो, कधी नाही. पाच वेळा करून सरासरी काढा. या महिन्यात चाळीस फटके लागले आणि पुढच्या तीन महिन्यांत ते तेहतिसावर आले, तर मूल सुधारले. यात शेजारचा मुलगा कितवा आला याचा काही संबंध नाही.

उजव्या बाजूला 'सामन्याचा हिशेब'. कोणाशी खेळलो, किती गुणांनी जिंकलो किंवा हरलो आणि त्याखाली एकच ओळ: समोरच्याने असे काय केले जे मला येत नाही? जिंकला असला तरी ही ओळ लिहायचीच. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी डाव लिहून ठेवावा, तो मागाहून तपासता येतो. धावणाऱ्यांनी वेळ लिहावी, उडी मारणाऱ्यांनी अंतर लिहावे.

महिनाअखेर दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. डावी बाजू सुधारते आहे आणि उजवीकडे हार आहे, तर निराश व्हायचे कारण नाही. मूल वाढते आहे, फक्त तगड्यांशी गाठ पडते आहे. उजवीकडे जीतच जीत आहे आणि डावी बाजू जागची हललेली नाही, तर पेढे वाटण्याआधी विचार करा. समोरचे कच्चे आहेत, त्याला चांगल्या खेळाडूंसमोर बसवण्याची वेळ आली आहे. दोन्ही बाजू थांबल्या असतील तर सरावाची पद्धत बदलायला हवी, जाणत्या माणसाला विचारायला हवे. माल, भांडवल आणि बाजारभाव वेगवेगळे लिहिले की दुकान कुठे चालले आहे ते कळते. सगळे एकाच रकान्यात कोंबले की चांगले चालणारे दुकानही बुडीत वाटते आणि बुडणारे दुकान झोकात दिसते.

हे काम आईवडिलांनाही करता येते, त्याला खेळ येण्याची गरज नाही. मुलगी वही घेऊन आली की "वाचून दाखव" एवढेच म्हणायचे. आकडा उतरला असेल तर ओरडायचे नाही, चढला असेल तर शेजारणीला ऐकवायला जायचे नाही. आणि स्पर्धेहून मूल घरी आले, की "कितवा आलास?" हा प्रश्न विचाराच, तो विचारल्याशिवाय आपल्याला राहवणार नाही. पण तो दुसरा विचारा. पहिला प्रश्न असू द्या, "आज नवीन काय जमले?"